सातवीतल्या पोराचे ठसे आणि चाळीस पानी रिपोर्ट

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्टर येतं : 'पाचवी ते आठवी, मोफत करिअर मार्गदर्शन'. रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या हॉलमध्ये तासभर स्लाइड दाखवतात. मोफत असतं ते तेवढंच. बाहेर टेबलावर स्कॅनर. बोटांच्या ठशांवरून पोराची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या चाचणीचे साडेतीन हजार, 'आज भरले तर अडीच'.

10 बोटं, प्रत्येकाचा 3 बाजूंनी ठसा. सॉफ्टवेअर रेषा मोजतं. जुनी माणसं ज्याला शंख-चक्र म्हणायची, तेच इथं टक्केवारी लावून विकतात. अंगठा मेंदूच्या अमुक भागाचा, करंगळी तमुक भागाची, असं ठणकावून सांगतात. ठसे गर्भातच पक्के होतात, पण त्यावरून गणित येईल की चित्रकला, हे कळत नाही. चाचणीला चिकटवलेलं 'मल्टिपल इंटेलिजन्स' (बुद्धीचे अनेक प्रकार) हे नाव मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या 1983 च्या सिद्धांतातलं, पण त्यात ठशांचा संबंधच नाही.

मग आई-बाप भुलतात कशाला? रिपोर्टमधल्या वाक्यांना. 'मुलगा हुशार आहे, पण एकाग्रता कमी. आवडीच्या कामात तासन्‌तास रमतो.' बारा वर्षांचं कुठलं पोर असं नसतं? 1948 साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना एकच वर्णन 'खास तुमचं' म्हणून वाटलं. पोरांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.3 गुण दिले. घरी करून बघा : दुसऱ्या मुलाच्या रिपोर्टवरचं नाव झाकून आपल्या पोराला वाचून दाखवा.

खरा फटका पुढं बसतो. रिपोर्टात 'लॉजिकल' म्हणजे तर्कबुद्धी कमी दाखवायची आणि सहा महिन्यांच्या क्लासचं पॅकेज गळ्यात मारायचं, तेही हप्त्यावर. हप्ते म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लास गुंडाळला तरी खात्यातून कापणी चालूच राहते. ओटीपी सांगितला की कर्जावर सही केल्यासारखंच.

सातवीत शाखा निवडायची घाईच नसते, ती दहावीनंतरची गोष्ट. चांगल्या कलचाचणीत पोराला प्रश्न सोडवावे लागतात आणि ती कोणत्या वयासाठी, कोणत्या भाषेत तपासली आहे, हे लिहिलेलं असतं. त्यापेक्षा उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपात पोराला दोन तास उभं करा. साच्यात ओतकाम कसं होतं, लेथवर माप कसं धरतात, हे बघून घरी येताना ते काय विचारतं, ते वहीत लिहून ठेवा.

पैसे गेले असतील तर पोस्टर, पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट जपा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत दाद मागता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

आणि ठसे? ते पुसून टाका, असं लेखी मागा. शिष्यवृत्तीसाठी पोराचं बँक खातं बहुधा आधारला जोडलेलं असतं आणि अशा खात्यातून ठशावर पैसे काढता येतात, म्हणून आधारचं बायोमेट्रिक त्याच दिवशी लॉक करा.