धूर दिसला नाही, म्हणून फसलो

2015 मध्ये फुटलेला फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा आठवा: चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता नायट्रोजन ऑक्साईड हा घातक वायू दाबणारं सॉफ्टवेअर गाड्यांत होतं. आधी आकडे. फोक्सवॅगन 1,98,500, स्कोडा 88,700, ऑडी 36,500. एकूण 3,23,700 गाड्या. 2008 ते नोव्हेंबर 2015 या काळात भारतात विकल्या गेलेल्या, ईए 189 डिझेल इंजिनाच्या. त्यातल्या कितीतरी इथे चाकणलाच तयार झाल्या. डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने त्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. गाडीवाल्याच्या हातात काय पडलं? एक सॉफ्टवेअर अपडेट. भरपाई शून्य रुपये.

अमेरिकेत याच प्रकरणात 2.0 लिटरवाल्या मालकाला कंपनीने गाडी परत विकत घेऊ का असं विचारलं, तेही घोटाळा फुटण्याआधीच्या बाजारभावाने. वर 5,100 ते 10,000 डॉलर रोख. 2016 ची ती तडजोड एकूण 1,470 कोटी डॉलरची होती. ब्रिटनमध्ये 2022 साली सुमारे 91,000 मालकांना मिळून 19.3 कोटी पाउंड मिळाले. त्यामुळे ‘हे अमेरिकेचं प्रकरण, आपला काय संबंध’ असं कुणी म्हणालं की डोकं फिरतं. इंजिन त्याच घराण्यातलं होतं. फरक फक्त गाडीवाल्याच्या मागे कोण उभं राहिलं, एवढाच.

चाचणी कशी होते ते माहीत असलं की ही लबाडी किती सोपी होती ते कळतं. गाडी रोलरवर चढवतात. पुढची चाकं फिरतात, मागची जागच्या जागी. स्टेअरिंग सरळ, वीस मिनिटं कुणी हलवत नाही. खोलीचं तापमान ठरलेलं, वेग कितव्या सेकंदाला किती हे छापील तक्त्यात ठरलेलं. आपल्याकडच्या चाचणीत कमाल वेग ताशी 90 किलोमीटर. इंजिनाच्या कॉम्प्युटरला स्टेअरिंगचा कोन, वेग, वेळ आणि हवेचा दाब सतत कळतच असतो. हे सगळं तक्त्याशी जुळलं की तो ओळखतो, आपण रोलरवर आहोत. मग नायट्रोजन ऑक्साईड दाबणारी यंत्रणा पूर्ण चालवायची. रोलरवरून उतरून स्टेअरिंग वळलं की ती ढिली सोडायची.

ढिली का? कारण डिझेलमध्ये एक दाबलं की दुसरं वर येतं. सिलिंडरमध्ये जाळ कडक ठेवला तर ॲव्हरेज चांगलं आणि काजळी कमी, पण नायट्रोजन ऑक्साईड भरमसाट. ईजीआर नावाच्या यंत्रणेने जळलेला वायू परत आत फिरवून जाळ थंड केला तर नायट्रोजन ऑक्साईड उतरतो, पण काजळी वाढते, इनटेक म्हणजे हवा आत घेणारा मार्ग तुंबतो, डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर लवकर भरतो. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मॉडेलांत नायट्रोजन ऑक्साईड साठवून ठेवणारा सापळा होता. तो रिकामा करायला अधूनमधून जास्तीचं डिझेल जाळावं लागतं. म्हणजे ॲव्हरेज पडणार आणि फिल्टरचं आयुष्य घटणार. चौथा रस्ता सायलेन्सरमध्ये युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साईड मोडायचा, त्याला वेगळी टाकी आणि खर्च.

इथेच आपलं चुकलं, आणि याचीच लाज वाटते. दावा काय होता? जोर भरपूर, ॲव्हरेज उत्तम, युरियाची टाकी नाही, आणि वर सगळ्यात स्वच्छ! या चार गोष्टी एका पाइपातून निघत नाहीत. इंजिन उघडून बघणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पाठ असतं. तरी आपण प्रमाणपत्र वाचलं आणि गप्प बसलो. बरं, पहिलीच वेळ होती असंही नाही. 1998 मध्ये अमेरिकेत सात ट्रक-इंजिन कंपन्यांनी नेमकी हीच चोरी केली होती. चाचणीत एक वागणूक, हायवेवर दुसरी. शंभर कोटी डॉलरची तडजोड झाली होती. 2011 मध्ये युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने डिझेल गाड्यांवर फिरतं मोजणीयंत्र बसवून रस्त्यावरचे आकडे मर्यादेच्या कितीतरी वर असल्याचं छापलं होतं. आणि मे 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा अहवाल आला: फोक्सवॅगनची जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या 15 ते 35 पट, पसाट 5 ते 20 पट. अमेरिकी पर्यावरण खात्याची नोटीस निघाली ती 18 सप्टेंबर 2015 ला. मधल्या सव्वा वर्षात आपल्याकडे कुणीही रोलरवरून उतरून एक चक्कर मारून बघू शकलं असतं.

पण ग्राहकाने काय करायचं होतं? नायट्रोजन ऑक्साईड पाइपातून निघताना डोळ्यांना दिसत नाही. गल्लीतल्या गॅरेजला तो मोजायचं यंत्र नसतं. आणि ज्या पीयूसीसाठी आपण रांगेत उभे राहतो, ती डिझेल गाडीचा नायट्रोजन ऑक्साईड मोजतच नाही! न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा, धुराचा गडदपणा बघायचा, कागद द्यायचा. डिझेलच्या पीयूसीवर गाडी ‘स्वच्छ’ आहे असं समजू नका. ती फक्त काळी नाही, एवढंच तो कागद सांगतो.

न दिसणारा हा वायू जातो कुठे? उन्हात त्याच्यापासून ओझोन बनतो, आणि थंड, दमट हवेत अमोनियाशी मिळून अमोनियम नायट्रेट, म्हणजे थेट पीएम 2.5, फुप्फुसात खोल शिरणारे बारीक कण. हिवाळ्यात शहरावर जो पांढुरका थर बसतो त्यात याचाही वाटा असतो. सिग्नलवर रांगेत घुरघुरणाऱ्या गाडीचा पाइप रस्त्यापासून फूटभर वर, आणि शेजारी बाबागाडीतल्या मुलाचं नाक जवळपास त्याच उंचीला. शहरात सायलेन्सर नीट तापत नाही, युरियाची यंत्रणा साधारण 200 अंशांखाली धड काम करत नाही, त्यामुळे गर्दीतच सगळ्यात जास्त बाहेर पडतं. मर्यादेपेक्षा जास्त सुटलेल्या डिझेल नायट्रोजन ऑक्साईडमुळे 2015 या एका वर्षात अकरा मोठ्या बाजारपेठांत मिळून सुमारे 38,000 अकाली मृत्यू झाले, असा अंदाज 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्या अकरांत भारतही होता.

आता सरकारी यंत्रणा. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने गाड्या रस्त्यावर चालवल्या, तफावत सापडली. कंपनीचं म्हणणं, आम्ही बीएस-4 हे प्रदूषणाचे नियम पाळतो आणि भारतात रस्त्यावरच्या मोजणीचा नियमच नाही. आणि खरंच नव्हता! किलोमीटरला 0.25 ग्रॅमची मर्यादा होती, पण ती फक्त रोलरवर. रस्त्यावरची मर्यादा बंधनकारक व्हायला 1 एप्रिल 2023 उजाडला. घोटाळा फुटल्यावर साडेसात वर्षांनी. मधल्या काळात एका शिक्षिकेला आणि आणखी काही जणांना हरित लवादाकडे जावं लागलं. तज्ज्ञ समितीने हिशोब काढला: 2016 मध्ये एकट्या दिल्लीत 48.678 टन नायट्रोजन ऑक्साईड, आरोग्याचं नुकसान 171.34 कोटी रुपये. आधी 100 कोटी भरा म्हणून आदेश, ते वेळेत भरले नाहीत म्हणून जानेवारी 2019 मध्ये अटकेची तंबी. मार्चमध्ये दंड 500 कोटी. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. या सगळ्या कोट्यवधींच्या आकड्यांत गाडीवाल्यासाठी एक ओळसुद्धा नाही. उलट दिल्लीत दहा वर्षांची डिझेल गाडी रस्त्यावर आणायची नाही, हा 2015 चा आदेश मात्र त्याच्यावरच निघाला. गाडी किती ओकते हे न मोजता नुसतं वय मोजायचं, आणि भुर्दंड ज्याने प्रमाणपत्रावर विश्वास ठेवला त्याला.

जुनी ईए 189 घेत असाल तर अपडेट झालं की नाही ते चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. युरोपात अपडेटनंतर ईजीआर व्हॉल्व्ह तुंबल्याच्या तक्रारी आल्या होत्या, तेव्हा तो उघडून बघा. तिथे 1.6 लिटरला हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी प्लास्टिकची एक जाळी बसवली, तासाभराचंही काम नव्हतं. इतक्या स्वस्तात होण्यासारखं काम आधी केलं नाही, हे आठवलं की आजही संताप होतो.

आणि नव्या, कडक नियमांची बीएस-6 घेताना निर्धास्त राहू नका. आता चोरी कारखान्यात नाही, गॅरेजमध्ये होते. डीपीएफ पोखरतात, ईजीआरला पत्रा मारतात, कॉम्प्युटरमध्ये बिघाड दाखवणारे कोड गप्प करतात. ‘पिकअप वाढेल’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. सौदा करण्याआधी पांढरं फडकं बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर फडकं जवळपास स्वच्छ निघतं. काळंभोर निघालं तर गाडी लिफ्टवर घेऊन फिल्टरच्या डब्यावर नवी वेल्डिंग शोधा. स्कॅनर लावून फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक बघा. आयडलला तो थोडाच असतो, 3,000 आरपीएमला चढायलाच हवा. सुई हललीच नाही तर आत काही उरलेलं नाही. शेवटचं रिजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून साफ करणं, किती किलोमीटरपूर्वी झालं तेही बघा, काही शे असेल तर ठीक, काही हजार असेल तर सोडून द्या. डीईएफवाली, म्हणजे युरियाच्या द्रावणाची, गाडी असेल तर हजार किलोमीटरला लिटरभराच्या आसपास खर्च दिसायला हवा. टाकी महिनोन् महिने भरलेलीच राहते म्हणजे आत इम्युलेटर, म्हणजे युरिया खर्च होतोय असं कॉम्प्युटरला खोटं भासवणारं यंत्र, बसवलेला असण्याची दाट शक्यता.

विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर टोकनचा एक रुपयाही देऊ नका.