शाळा सिद्धी : दोन शिक्षकी शाळेतून केलेले परीक्षण

शाळेने स्वतःचे मूल्यमापन स्वतःच करावे आणि त्यावरून सुधारणेचा आराखडा आखावा, यासाठी दिल्लीच्या ‘नीपा’ (राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था) या संस्थेने तयार केलेला ‘शाळा सिद्धी’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. सात क्षेत्रे, ४६ गाभा मानके आणि प्रत्येक मानकासाठी तीन स्तर (तीन हा सर्वांत वरचा) अशी त्याची रचना आहे. विदर्भातील खारपाणपट्ट्यातील, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यातील, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर सदस्य या नात्याने काम करताना तो मला जसा दिसला, तसा येथे मांडत आहे.

सर्वांत उजवे आहे ते पहिले क्षेत्र, म्हणजे शाळेचे सामर्थ्यस्रोत. यातील बारा मानकांना प्रत्येकी दोनदा स्तर द्यावा लागतो : एकदा उपलब्धता व पर्याप्ततेसाठी आणि एकदा गुणवत्ता व उपयुक्ततेसाठी. कागदावर ही फोड क्षुल्लक वाटते. परंतु पिण्याच्या पाण्याचे मानक समितीच्या बैठकीत वाचले गेले तेव्हा तिचे मोल कळले. टाकी आहे, तोट्या आहेत, तेव्हा स्तर तीन लिहून पुढे जावे असे ठरत असतानाच एक माता सदस्य म्हणाल्या, “नळ हाय जी, पण लेकरं तं घरूनच बाटल्या आनतात.” पूर्णेच्या खोऱ्यातील भूजल खारे असते हे येथे कोणाला सांगावे लागत नाही, तरीही तोवर ते कोणत्याही शालेय कागदावर आलेले नव्हते. उपलब्धतेला तीन आणि उपयुक्ततेला एक असे स्तर नोंदवले गेल्यावर शाळेची खरी अडचण प्रथमच लेखी झाली.

विद्यार्थ्यांची प्रगती, संपादणूक व विकास या तिसऱ्या क्षेत्राबाबत मात्र मी समाधानी नाही. ज्या वर्गात चारच मुले आहेत तेथे एका मुलाने निकाल २५ टक्क्यांनी वर-खाली होतो, त्यामुळे टक्केवारीवरून प्रगतीचा अंदाज बांधणे व्यर्थ ठरते. उपस्थितीचेही तसेच आहे. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीला वेग आला की घरची मोठी माणसे शेतावर जातात आणि लहान भावंडांना सांभाळण्यासाठी वरच्या वर्गातील मुली घरी राहतात. संपूर्ण वर्षासाठी एकच स्तर द्यायचा असल्याने ही गळती त्यात बुडून जाते. आम्ही पुरावा म्हणून महिनावार हजेरी जोडून ठेवली, आणि इतर शाळांनीही तसे करावे असे सुचवतो. शिक्षकांच्या कामगिरीचे व्यवस्थापन हे चौथे क्षेत्र तर दोन शिक्षकी शाळेत काहीसे विनोदी होते, कारण मूल्यमापन करणारा आणि ज्याचे करायचे तो, दोघे एकाच टेबलाशी बसलेले असतात.

सुधारणेच्या भागात प्रत्येक मानकाला कमी, मध्यम किंवा उच्च असा प्राधान्यक्रम देऊन प्रस्तावित कृती, लागणारे साहाय्य आणि केलेली कृती लिहायची असते. बहुतेक मानकांना ‘उच्च’ लिहिण्याचा मोह होतो, आणि मग आराखडा मागण्यांची यादी बनतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा करावाच लागतो, तेव्हा हे दोन कागद वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी भरण्यात काहीच हशील नाही. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांना समोर बसवून, छापील प्रपत्र मोठ्याने वाचून, मगच युडायस क्रमांकाने (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने) शाळा सिद्धीच्या संकेतस्थळावर माहिती भरावी. शेवटच्या तारखेला मुख्याध्यापकांनी मोबाइलवर एकट्याने भरलेल्या माहितीला मी शून्य गुण देईन. समितीने बसून भरलेल्या याच आराखड्याला पाचपैकी साडेतीन. पाण्याची नोंद आम्ही ‘लागणारे साहाय्य’ या रकान्यातून उचलून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी अर्जासह दिली आहे, कारण गोड्या पाण्याची सोय शाळेच्या अनुदानातून होण्यासारखी नाही.