वॉरबँडमध्ये स्वतःचं राज्य: एकट्याने किल्ला मारायचा, व्हॅसल होऊन फुटायचं, की दुसऱ्याला गादीवर बसवायचं?

माउंट अँड ब्लेड वॉरबँड हा सरदार-किल्ल्यांच्या लढायांचा गेम थोडा हाताला बसला की सगळ्यांना एकच खाज सुटते. हॅरलॉस राजाच्या मेजवान्या पुरे झाल्या, मार्शलच्या म्हणजे सेनापतीच्या मागे कॅल्राडियाभर (गेममधला देश) फरफटणं पुरे झालं, आता आपला झेंडा पाहिजे. ग्वाल्हेरात ही खाज जरा जास्तच असते, म्हणजे लष्कर भागात वाढलेल्या पोराने मान वर केली की किल्ला दिसतो, मग गेममध्ये दुसऱ्याचा सरदार म्हणजे व्हॅसल म्हणून किती दिवस राहणार. गणपतीत चार पोरं जमली की हा विषय निघतोच आणि प्रत्येकजण आपलाच रस्ता बरोबर म्हणून भांडतो. तर ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. गेम 2010 चा आहे पण जुन्या लॅपटॉपवर मस्त चालतो म्हणून अजून खेळला जातो. त्याच मालिकेतल्या नव्या बॅनरलॉर्डबद्दल शेवटी बोलू, तिथलं गणित वेगळं आहे.

पहिला रस्ता, कुणाची शपथ न घेता थेट किल्ला मारायचा. सगळ्यात सोपा दिसतो हाच. एखाद्या राज्याचं गाव लुटा नाहीतर त्यांचा कॅराव्हॅन मारा, वैर झालं की त्यांच्या किल्ल्याला वेढा घाला, शिड्या तयार व्हायला थोडे तास लागतात, मग चढाई. नॉर्ड हसकार्ल (नॉर्ड राज्याचे सगळ्यात तगडे पायदळ) साठ-सत्तर असले तर बरेचसे किल्ले एका दमात पडतात कारण शिडीवर कुऱ्हाड घेऊन त्यांच्यापेक्षा भारी कुणी नाही. आणि ज्या क्षणी किल्ला पडतो त्या क्षणी नकाशावर तुमच्या नावाचं राज्य. मजा येते, नाही म्हणणार नाही.

रडगाणं त्यानंतर सुरू होतं. तुमचा राइट टू रूल जवळपास शून्य असतो, म्हणजे बाकीचे राजे तुम्हाला राजा समजतच नाहीत, किल्ल्यात घुसलेला गुंड समजतात. तहाला माणूस पाठवला तरी दाद देत नाहीत, एकाशी युद्ध चालू असताना दुसरा काहीतरी निमित्त काढून अंगावर येतो, आणि एकही लॉर्ड तुमच्याकडे यायला तयार नसतो. तुम्ही एकटे. तुम्ही बाहेर लढायला गेलात की किल्ल्याला वेढा, किल्ल्यात बसलात की गाव जळतं. किल्ल्याला गाव एकच, त्याचा वसूल गॅरिसनच्या म्हणजे किल्ल्यातल्या शिबंदीच्या पगारालाही पुरत नाही, जरी गॅरिसनमधल्या सैनिकाला पार्टीपेक्षा अर्धाच पगार लागत असला तरी.

लोक म्हणतात आधी पैसा करून ठेवला होता, प्रत्येक शहरात डायवर्क्स म्हणजे रंगकामाचा कारखाना टाकून ठेवला होता. बरोबर आहे, 10,000 दिनार एका डायवर्क्सला लागतात आणि मखमल बनवणारा तो धंदाच सगळ्यात जास्त देतो. पण ज्या राज्याशी युद्ध सुरू होतं त्यांच्या शहरातलं तुमचं उत्पन्न बंद होतं. एकटे उभे राहिलात आणि तीन राज्यांशी एकदम लागली तर निम्म्याहून जास्त धंदे ठप्प, नेमके त्याच आठवड्यात जेव्हा पगार चुकवायचा असतो. ज्यांना हाच रस्ता घ्यायचाय त्यांनी किमान धंदे सहाही राज्यांत विखरून टाका आणि किल्ला असा निवडा जो कोपऱ्यात आहे आणि ज्याला वेढ्याच्या वेळी एकच अरुंद शिडी लागते. गॅरिसनला ऱ्होडॉक राज्याचे सार्जंट आणि शार्पशूटर भरा, घोडा त्यांना जमत नाही पण भिंतीवर त्यांना तोड नाही. आणि किल्ला उंचावर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. आमचा हा एवढा मोठा किल्ला महादजी शिंद्यांच्या शिबंदीकडे होता तरी ऑगस्ट 1780 मध्ये इंग्रजांच्या पॉपहॅमच्या लोकांनी रात्री शिड्या लावून घेतला.

आता दुसरा रस्ता. आधी कुणाचे तरी व्हॅसल व्हा, वाढा, मग फुटा. हा लांबचा आहे, बोअर आहे, अर्धा वेळ दुसऱ्याच्या मोहिमांत जातो. पण मी विचाराल तर नव्या माणसाने हाच घ्यावा आणि कारण पैसा नाहीये, ओळखी आहेत. व्हॅसल असताना तुम्ही वीस-बावीस लॉर्डांबरोबर लढता, हरत असलेल्याच्या मदतीला जाता, त्यांची कामं करता, मेजवान्यांना जाता, शत्रूचा लॉर्ड पकडला की खंडणी न घेता सोडून देता (याने ऑनर वाढतो आणि चांगल्या स्वभावाचे लॉर्ड तुमच्यावर खूश होतात). एखाद्या घरात लग्न करता. हे सगळं रिलेशनच्या आकड्यांत साठत जातं आणि फुटायच्या दिवशी तेच कामाला येतं. एकट्याने किल्ला मारणाऱ्याकडे हे काहीच नसतं, त्याला ते नंतर चहूकडून युद्ध चालू असताना करायला लागतं.

फुटायचा मुहूर्त गेम स्वतःच देतो. तुम्ही रक्त आटवून एखादं शहर घेता, राजाला म्हणता मला द्या, आणि काही दिवसांनी निरोप येतो की ते अमक्या लॉर्डला दिलंय, तुम्हाला खर्चापोटी थोडे दिनार पाठवलेत. तो अमका वेढ्याच्या वेळी कुठे होता ते सगळ्यांना माहीत असतं. तिथे दोन पर्याय येतात, गपचूप मान्य करा किंवा शपथ मोडा आणि तुमच्याकडचं सगळं ठेवून वेगळे व्हा. पहिल्या वेळी चिडून लगेच दुसरं दाबू नका. तेव्हा तुमच्याकडे काय काय आहे बघा, शहर आहे का किल्लाच आहे, तुमची जमीन एका जागी आहे का चार कोपऱ्यांत विखुरलीये, ज्यांना शून्य जमीन मिळालीये असे नाराज लॉर्ड किती ओळखीचे आहेत. जमीन नसलेला लॉर्ड सगळ्यात लवकर फुटतो. त्याला एकांतात गाठून विचारा, आणि माणूस बघून मुद्दा मांडा, कुणाला हक्काची भाषा पटते, कुणाला रयतेची, कुणाला फक्त जमीन पाहिजे असते. पर्स्वेजन स्किल इथे खरं कामाला येतं, तोपर्यंत सगळे त्याला फालतू समजत असतात.

आणि फुटल्यावर युद्ध मुख्यतः एकाशीच, जुन्या धन्याशी. बाकीचे नंतर येतील पण त्याच दिवशी नाही. म्हणून फुटायचं तेव्हा जेव्हा धनी आधीच दोन ठिकाणी अडकलेला असतो.

इथे एक आडवळण घेतो. आमच्याकडचे शिंदे, तिकडे इंदूरचे होळकर, बडोद्याचे गायकवाड, यातलं कुणी एकट्याने किल्ला मारून राजा झालेलं नाही, सगळे कुणाचे तरी सरदार म्हणूनच वर आले. महादजी तर दिल्लीपर्यंत हुकूम चालवत असताना, 1784 मध्ये वकील-इ-मुतलकचा म्हणजे बादशहाच्या मुख्य प्रतिनिधीचा कारभार हातात आलेला असताना, पद पेशव्यांच्या नावे आणि स्वतः नायब, आणि वर म्हणवून घ्यायचे पाटील. वॉरबँडमध्ये याचा सरळ अर्थ लागतो, तो म्हणजे मार्शल व्हा. लॉर्डांशी पटत असेल तर मार्शल तुम्हालाच करतात, सगळी फौज तुमच्या मागे, कुठे वेढा घालायचा ते तुम्ही ठरवता, आणि तह-बिह, मिनिस्टर, लॉर्डांची रुसवेफुगवी ही कटकट राजाच्या डोक्यावर. ज्यांना लढाईच आवडते आणि जमीन वाटणं आवडत नाही त्यांनी राज्य स्थापनच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राजा झालात की निम्मा गेम लोकांची समजूत काढण्यात जातो. एकाला गाव दिलं की बाकीचे तोंड वाकडं करतात, स्वतःकडे ठेवलं तरी करतात.

तिसरा रस्ता क्लेमंटचा. प्रत्येक राज्याच्या गादीवर हक्क सांगणारा कोणीतरी दुसऱ्या राज्याच्या दरबारात बसलेला असतो, स्वाडियाची इझोल, ऱ्होडॉकांचा कास्टोर, नॉर्डांचा लेथविन, वेगिरांचा वाल्डिम, खेरगितांचा डस्टम, सारानिदांची अर्वा. त्याची बाजू घेतली की तो तुमच्या पार्टीत येतो आणि तुम्ही बंडाचे पुढारी. गोष्ट म्हणून हा सगळ्यात छान आहे आणि लॉर्ड फोडणंही इथे सोपं जातं कारण हक्क क्लेमंटचा असतो, तुम्हाला स्वतःचा सिद्ध करायला लागत नाही. पण नीट समजून घ्या, जिंकल्यावर राजा तो होतो, तुम्ही त्याचे व्हॅसलच राहता. म्हणजे स्वतःचं राज्य पाहिजे असेल तर हा रस्ता तिथे नेतच नाही. माझा सल्ला, एक अख्खा गेम वेगळा क्लेमंटसाठी खेळा, तयारी म्हणून नको.

दुसरा रस्ता घेणार असाल तर व्हॅसल असतानाच कोणती कामं उरकायची ते सांगतो, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. कम्पॅनियन, म्हणजे तुमच्या पार्टीतले नावाचे साथीदार. एकूण सोळा आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, दर थोड्या दिवसांनी कोणीतरी येऊन रडतंच की तो अमका पार्टीत असेल तर मी जाते. त्यांना एकेक करून तुमच्या नावाचा प्रचार करायला पाठवा, काही आठवडे गायब होतात आणि परत येतात तेव्हा राइट टू रूल थोडा वाढलेला असतो. प्रत्येकजण एकदाच जाऊ शकतो म्हणून जितके जास्त जमवाल तितकं बरं. भांडणंही आपोआप कमी होतात. हे राज्य व्हायच्या आधीच करायचं असतं, नंतर पाठवलं तर तुम्हाला ऐन युद्धात चांगला सर्जन किंवा इंजिनिअर नसतो. जेरेमस बाहेर गेलाय आणि इकडे हसकार्ल मरतायत, हे बघवत नाही.

मिनिस्टर कोण ते आधीच ठरवून ठेवा. बायको असेल तर बायकोच करा, कम्पॅनियन वाचतो. आणि दरबार कुठे बसणार तेही बघा, कारण नंतर दुसऱ्या शहरात हलवायचा तर मखमलीचा तागा आणि अवजारांचा संच लागतो, ते सामान पोत्यात असू द्या. दौलतराव शिंद्यांनीही 1810 मध्ये उज्जैनहून इथे बस्तान हलवलं आणि छावणी पडली तिचंच लष्कर झालं, त्यामुळे दरबार हलवण्यात कमीपणा काही नाही. सीमेवरच्या शहरात दरबार ठेवून दर पंधरा दिवसांनी वेढ्यात अडकण्यापेक्षा आत हलवलेला बरा. कोपरा म्हणून सारानिदांचा वाळवंटी भाग मला आवडतो, शरीझ किंवा दुरकुबा, पाठीमागून कोणी येत नाही. धिरीम मात्र घेऊ नका. नकाशाच्या मधोमध आहे, सगळ्यांना पाहिजे असतं, घेतलं की रोज पाहुणे.

आता बॅनरलॉर्ड. 2020 मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये आला, ऑक्टोबर 2022 मध्ये पूर्ण. काळ वॉरबँडच्या पावणेदोनशे वर्षं आधीचा, साम्राज्याचे तीन तुकडे झालेले. इथे राइट टू रूल वगैरे भानगड नाही, अट सरळ लिहिलेली आहे, क्लॅनचा (तुमच्या घराण्याचा) टियर 4 पाहिजे म्हणजे 900 रेनाउन (नावलौकिक), स्वतःची एखादी जागा पाहिजे, कुणाचे व्हॅसल असता कामा नये, सोबत पुरेशी फौज पाहिजे, मग तुमच्या गव्हर्नरशी बोलून राज्य जाहीर करायचं. ऐकायला वॉरबँडपेक्षा सोपं आहे. पण लॉर्ड इथे एकटा येत नाही, अख्खा क्लॅन घेऊन येतो आणि त्याची किंमत लाखांत मागतो, म्हणून इथे दिनारांची तयारी पहिली, ओळखींची दुसरी. लोहारकाम करून पैसा करतात लोक, कंटाळवाणं आहे पण होतो.

मात्र एकट्याने उभं राहायचा रस्ता बॅनरलॉर्डमध्ये बराच चांगला आहे, वॉरबँडच्या उलट. लॉयल्टी पडली की शहर बंड करतं आणि बंडखोर क्लॅनच्या हातात जातं, ते शहर तुम्ही घेतलंत तर कुठल्याच राजाशी युद्ध होत नाही. असं शहर दिसेपर्यंत मर्सिनरी म्हणजे भाडोत्री म्हणून फिरत राहा, टियर 1 लाच घेतात, शपथेचा गुंता नाही आणि रेनाउनही वाढतो. शहर तुमच्याच कल्चरचं असेल असं बघा, नाहीतर दुसऱ्या कल्चरचा मालक म्हणून लॉयल्टी रोज खाली जाते आणि ज्या बंडामुळे तुम्हाला ते मिळालं तेच पुन्हा तुमच्याविरुद्ध होतं.

म्हणजे लॉर्डांशी वर्षानुवर्षं घासाघीस करायला आवडत असेल तर वॉरबँड, व्हॅसल होऊन. पैसा साठवून योग्य शहराची वाट बघायची असेल तर बॅनरलॉर्ड, मर्सिनरी होऊन, पण त्याला मशीन तगडं लागतं आणि इकडे मे महिन्यात कूलरसमोर ठेवूनही लॅपटॉप तापतो. दोन्हीकडे शपथ मोडायच्या आधी वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, आणि वॉरबँड सुरू करताना सेव्ह न करता बाहेर पडता येत नाही असा एक मोड विचारतो, तो पहिल्या राज्यासाठी घेऊ नका.