ब्रेस्ट लिफ्ट : वर्ष होत आल्यावरचा माझा अनुभव

ओघळलेले स्तन वर उचलून घेण्याच्या ऑपरेशनला, म्हणजे ब्रेस्ट लिफ्टला, आता वर्ष होत आलं. मी समाधानी आहे, आणि पुन्हा ठरवायची वेळ आली तरी हेच करीन. मात्र यात आकार सुधारतो तो कायमच्या व्रणांच्या बदल्यात. हे ज्या बाईला मनापासून मान्य असेल तिनेच पुढे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन बाळंतपणं आणि नंतर उतरवलेलं बरंच वजन, यात कातडी सैल पडली ती पडलीच. स्तनात स्नायू नसतो. ग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात, आणि ते एकदा ताणले की व्यायामाने आवळत नाहीत. ठाण्याच्या दमट हवेत स्तनाखालच्या घडीत घाम साचायचा, खाज सुटायची, बुरशी धरायची. वर "अंगावर पाजलंस म्हणून झालं" हे घरात पुष्कळ ऐकलं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या सर्जननी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वय, गरोदरपणांची संख्या, धूम्रपान यांचा संबंध दिसला, पाजण्याचा नाही. नव्या आयांना हे जरूर सांगा.

स्तनाग्र खालच्या घडीच्या वर आहे की खाली, यावरून सर्जन ऑपरेशनचा प्रकार ठरवतात. थोडंच ओघळलं असेल तर स्तनाग्राच्या काळ्या वर्तुळाभोवतीचा छेद पुरतो, जास्त असेल तर तिथून खाली उभा छेद येतो, आणि त्याहून जास्त असेल तर घडीतही आडवा. माझा हा तिसरा प्रकार. लिफ्टने स्तन मोठे होत नाहीत, उलट जरा लहानच वाटतात. वरचा भाग भरलेला हवा असेल तर इम्प्लांट किंवा चरबी भरणं, हा वेगळा विषय आहे.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जननी मला उभं करून गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंत टेपने मोजलं आणि मार्करने रेघा आखल्या. आडवं झाल्यावर स्तन बाजूला पसरतात, म्हणून हे काम उभ्यानेच करतात. ते इतक्या शांतपणे, पुन्हा पुन्हा मोजत होते की माझी निम्मी भीती तिथेच गेली.

दुखणं गोळ्यांनी आटोक्यात राहिलं. त्रास झाला तो उताणं झोपण्याचा आणि दिवसरात्र घालायच्या सर्जिकल ब्राचा. भरलेला कुकर उचलणं, माळ्यावरचं काही काढणं साधारण दीड महिना बंद होतं. घरात मदतीला कोणी आहे का, हे आधी बघा. सुरुवातीला वरचा भाग विचित्र फुगलेला दिसतो, तो हळूहळू खाली बसतो.

पुढे उभा आणि आडवा छेद मिळतात तिथे नखाएवढी जागा उघडली आणि पाणी येऊ लागलं. मी घाबरले. त्या जागी कातडीवर ताण सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे हे बऱ्याच जणींना होतं, असं कळलं. नुसत्या ड्रेसिंगवर जखम भरली. याच कारणासाठी तंबाखूबद्दल कळकळीने लिहिते : सिगारेटच नव्हे, मशेरीसुद्धा सर्जनना न लाजता सांगा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्राची कातडी मरण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

व्रण आधी लाल होते, मग तपकिरी झाले. वर्तुळाभोवतीचा आता शोधावा लागतो. घडीतल्या आडव्या व्रणाचं काखेकडचं टोक मात्र जाड झालं आणि खाजायचं. सिलिकॉनच्या पट्ट्या नेमाने लावल्या, तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शनही घेतलं, आता बसतंय. आपल्या सावळ्या कातडीला हा धोका अधिक, म्हणून पट्ट्यांचा कंटाळा करू नका. डाव्या स्तनाग्राची संवेदना अजून पूर्ण आलेली नाही. घडीतली खाज मात्र गेली ती गेलीच, पावसाळ्यातही परतली नाही.

खर्च पदरचा. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला विमा मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी. भूलतज्ज्ञ, हॉस्पिटल, ब्रा, ड्रेसिंग सगळं धरून अंदाज लेखी घ्या. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी हवी. नुसती 'कॉस्मेटिक क्लिनिक' ही पाटी पुरेशी नाही. आणखी मूल हवं असेल तर ऑपरेशन बाळंतपणानंतरच करा.

चाळिशी ओलांडल्यामुळे आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, केली होती. आतल्या व्रणांमुळे नंतरचं चित्र वेगळं दिसतं, म्हणून पुढच्या तपासणीला जुन्या फिल्म आणि ऑपरेशनचे कागद सोबत नेणार आहे.