ड्युअलसेन्स पीसीला जोडताय? केबल आधी घ्या

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभं राहणाऱ्याला साध्या कंट्रोलरचं व्हायब्रेशन समजावून सांगावं लागत नाही. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब एका बाजूला जड बसला की मशीन थरथरतं, तसंच हे. एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरमध्ये मोटरच्या शाफ्टवर असंच कलतं वजन आहे, डाव्या मुठीत जड आणि उजव्या मुठीत हलकं. यात जोर वाढवायचा तर वेगही वाढतो, आणि मोटर पळायला-थांबायला वेळ घेते. म्हणून बारीक टकटक हाताला नीट लागत नाही.

सोनीच्या ड्युअलसेन्समध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये (२०२०), फिरणारं वजनच नाही. दोन्ही मुठींत स्पीकरसारखी कॉइल आहे, ती सिग्नल येताच हलते. खडी आणि ओलं डांबर हातात वेगवेगळं कळतं. पावसाळ्यात चोर्ला घाट उतरलेल्यांना तो फरक लगेच ओळखू येईल. एल२-आर२ या ट्रिगर बटणांच्या मागे छोटी मोटर आणि वर्म गिअर आहे. ब्रेक दाबताना बोटाला खरोखर उलटा दाब लागतो. थरथर वेगळी, हा दाब वेगळा, आणि पैसे याच्यासाठी मोजायचे.

पण पीसीवर बहुतेक गेममध्ये हे सगळं यूएसबी केबलवरच मिळतं. विंडोजला हा कंट्रोलर चार चॅनलचं साउंड डिव्हाइस म्हणून दिसतो, त्यातले तिसरा आणि चौथा चॅनल कॉइलचे. ब्लूटूथवर तो रस्ता बंद, मग कॉइल जुन्या मोटरची नक्कल करत बसते. सुट्या कंट्रोलरच्या बॉक्समध्ये केबल येत नाही. टाइप-सी केबल घेताना तिने फोन कॉम्प्युटरला जोडून बघा. फाइली दिसल्या तर ठीक, नुसता चार्ज झाला तर परत करा.

केबल लावल्यावर गेमचा आवाज कंट्रोलरमधून यायला लागला, तर विंडोजमध्ये डिफॉल्ट आउटपुट बदला. ते डिव्हाइस डिसेबल मात्र करू नका, थरथरही जाईल. ड्युअलसेन्सचा थेट सपोर्ट असलेल्या गेममध्ये ट्रिगर ढिले वाटले तर स्टीममध्ये (पीसीवर गेम घेऊन चालवायचं ॲप) त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्टीम इनपुट बंद करा. ते चालू असलं की बऱ्याच गेमला हा एक्सबॉक्सचा कंट्रोलर वाटतो. जुन्या गेमला उलट ते चालूच लागतं, आणि तिथे साधंच व्हायब्रेशन मिळेल.

फक्त रेसिंगच खेळणार असाल तर हा घेऊ नका. पुढचं चाक घसरायला लागल्याचं ट्रिगरपेक्षा स्टिअरिंगच नीट सांगतं. लॉजिटेकच्या जी२९ या गेमिंग स्टिअरिंगमध्ये गिअर असल्यामुळे मध्यावर थोडा ढिलेपणा आणि खडखडाट आहे, तरी या कामाला तेच बरं.