स्टीलचे डाग काढायला १०,९०० रुपये दिले, आता फूटस्टेपच सडलेत

रत्नागिरीत समुद्राजवळ गाडी उभी राहते त्यांना हे डाग माहीत आहेत. खाऱ्या हवेने स्टीलवर तपकिरी ओघळ येतात, फडक्याने जात नाहीत. आमच्या गाडीचे दोन्ही फूटस्टेप, दारांच्या उंबऱ्यावरच्या चार पट्ट्या आणि सायलेन्सरचं टोक, सगळं तसंच झालं होतं.

घरपोच डिटेलिंगवाला, म्हणजे गाडी घासूनपुसून चमकवून देणारा, व्हॅन घेऊन आला. पद्धत तुम्हाला माहीत आहेच: एक कोपरा फुकट चमकवून दाखवायचा, मग पॅकेज सांगायचं. फूटस्टेपचे प्रत्येकी २,६००, पट्ट्यांचे प्रत्येकी ३५०, सायलेन्सरचे ८००. वर "नॅनो कोटिंग, दोन वर्षांची गॅरंटी" म्हणून ३,५००. एकूण १०,९००. त्यातले ८,००० यूपीआयने दिले, २,९०० रोख. बिल "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो" म्हणाला. आधी जीएसटी नंबर असलेलं बिल हातात घ्या, मगच पैसे द्या.

एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. तो बाटलीतलं औषध ओतत होता, तेव्हा थोडं खाली अंगणातल्या शहाबादी फरशीवर सांडलं आणि फस्सकन फेस आला. वास नाकात चढला. मी लगेच विचारलं, हे काय आहे? "काका, फोम क्लीनर आहे, फेस येणारच." पण फेस स्टीलवर नव्हताच, फरशीवर होता! शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर अ‍ॅसिड पडलं की असाच फेस येतो. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं होतं, तेही दिसत होतं. पण समोर डाग भराभर निघत असताना कोण फरशीकडे बघत बसेल? अंगात कंपनीचा टीशर्ट, हातात मोजे, बोलणं अदबीचं. मी विचारलं होतं, त्याने तोंडावर खोटं सांगितलं. फरशीवर तिथे अजून पांढरा खरखरीत चट्टा आहे.

पावसाळा लागला आणि स्टीलवर बारीक काळे ठिपके उठले. नखाने खरवडलं तर खड्डे लागले, खड्ड्यांतून गंज ओघळत होता. तो कुंपणापाशी टाकून गेलेली बाटली गॅरेजवाल्याने हुंगली आणि म्हणाला, "हे संडास धुवायचं अ‍ॅसिड." म्हणजे हायड्रोक्लोरिक. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याचा पातळ ऑक्साइडचा थर लोखंडाला झाकून ठेवतो. या अ‍ॅसिडातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. शिवाय त्या व्हॅनवाल्याने तारेच्या घासणीने घासलं होतं. तिचे लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि गंजतात. कोटिंग म्हणून काय फासलं देवजाणे, पहिल्या धुण्यात निघून गेलं. नवी फूटस्टेपची जोडी ९,२०० रुपयांना पडली.

व्हॅनवाल्याचा फोन बंद. पोलीस ठाण्यात गेलो. "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." अहो, गॅरंटी देऊन खोटं सांगून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? "पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत ना?" म्हणे. फसवलेला प्रत्येक माणूस पैसे स्वतःच्याच हाताने देतो! ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण तिथे समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. यूपीआयवर दिसणारं नाव भलत्याच माणसाचं. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हा नसताना पत्र कसं देऊ? आणि गुन्हा नोंदवायचा कुणी? वर साहेबांनी ऐकवलं, "सुशिक्षित माणसं तुम्ही!" चोर मोकळा फिरतोय आणि बोलणी मी खायची.

डाग ताजे असतील तर साबणाचं पाणी, खाण्याच्या सोड्याची पेस्ट आणि मऊ फडकं, स्टीलवरच्या बारीक रेघांच्या दिशेने. गंजाच्या ओघळाला सायट्रिक अ‍ॅसिडचं पातळ पाणी, मग भरपूर धुवून कोरडं पुसा. ब्लीच अजिबात नाही. कुणी बिनलेबलची बाटली काढली तर तिथेच थांबवा.

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो. ठाण्यात हे कुणी सांगत नाही. मी पाठवलाय. रत्नागिरी-लांजा भागात पांढऱ्या व्हॅनवाल्याने तुमच्याकडेही असंच काम केलं असेल तर यूपीआयची नोंद आणि फोटो जपून ठेवा, आणि तुम्हीही अर्ज द्या. एकाच खात्याविरुद्ध चार अर्ज गेले तर "दिवाणी" म्हणून हाकलणं त्यांना जड जाईल.