गिट शो घ्यावी की गिट कॅट-फाइल?

भाचा नुकताच नोकरीला लागलाय. परवा इंदूरच्या रामबागेत घरी आला तेव्हा त्याने विचारलं, "मामा, रेपोतल्या जुन्या गोष्टी उघडून बघायला कोणती कमांड हाताशी ठेवू?" गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि रेपो म्हणजे तो साठा. ब्लॉब (फाइलचा मजकूर), ट्री (फोल्डरची यादी), कमिट (प्रकल्पाची एका क्षणाची नोंद), टॅग (कमिटला दिलेलं नाव) त्याला ठाऊक आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर आलो.

रोजच्या कामाला गिट शो सोयीची. कमिट दिली की संदेश आणि डिफ (काय बदललं ते) एकदम समोर, तेही रंगीत. टॅग दिला तर त्याचा संदेश आणि मागची कमिटही दाखवते. पण कमिटमध्ये डिफ साठवलेला नसतोच. ट्री, पॅरेंट (आधीची कमिट), लेखक, कमिट करणारा आणि संदेश, एवढंच असतं. डिफ शो त्या क्षणी काढून देते, आणि माझं तिथेच अडलं.

दिवाळीच्या तोंडावर सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याच्या बिलात पैशांचं राउंडिंग चुकायला लागलं. आदल्याच आठवड्यात दुरुस्त केलेली ओळ फाइलमध्ये नव्हती. मर्ज कमिट (दोन शाखा एकत्र करणारी) शोने उघडली: वर दोन पॅरेंट, मग संदेश, आणि खाली काही नाही. मर्जने काही बदललं नाही असं धरून मी अख्खी दुपार दुसरीकडे शोधत बसलो.

झालं असं होतं की कॉन्फ्लिक्ट (दोन्ही बाजूंच्या बदलांची टक्कर) सोडवताना कुणीतरी एका बाजूची फाइल जशीच्या तशी ठेवली होती. मर्जमध्ये शो फक्त दोन्ही पॅरेंटपेक्षा वेगळं झालेलं दाखवते. निकाल एका पॅरेंटशी तंतोतंत जुळला की ती गप्प.

शेवटी 'कॅट-फाइल -पी' लावली. कमिटमधून ट्रीचा हॅश (मजकुरावरून बनलेला ओळखक्रमांक; मजकूर तोच तर हॅश तोच) घेतला, ट्रीतून फोल्डरचा, आणि मग ती ओळ दिसली: १००६४४ (म्हणजे साधी फाइल), ब्लॉब, हॅश, फाइलचं नाव. दोन्ही पॅरेंटच्या ट्रीतही तीच ओळ काढली. मर्जमधला हॅश पहिल्या पॅरेंटशी जुळत होता आणि दुरुस्ती होती दुसऱ्यात. मग शंकेला जागाच उरली नाही. शोला ट्री दिली असती तर नुसती नावं मिळाली असती, हॅश नाही.

शोला '-एम' दिलं की प्रत्येक पॅरेंटशी वेगळा डिफ मिळतो, हे मान्य. पण आधी संशय यावा लागतो, आणि कोरा पडदा बघून संशय येत नाही, निदान मला तरी आला नाही. उलट कॅट-फाइल थोडी रुक्ष आहे. '-पी' विसरलात तर चूक दाखवते, आणि ब्लॉब बायनरी असेल तर पडद्यावर कचरा ओतते, म्हणून आधी '-टी'ने प्रकार आणि '-एस'ने आकार बघून घ्यावा. एफएससीके या रेपो तपासणाऱ्या कमांडमधून निघालेले ढीगभर सुटे हॅश तपासायचे असतील तर '--बॅच-चेक' प्रत्येकाचा प्रकार आणि आकार ओळीने सांगते.

कुणाला शो पुरत असेल तर माझी हरकत नाही. भाच्याला मात्र त्याच्याच रेपोतली शेवटची मर्ज कॅट-फाइलने ब्लॉबपर्यंत उघडायला लावली, आणि दोन्ही पॅरेंटचे हॅश शेजारी लिहून घ्यायला सांगितले.